रसविघ्नाची रात्र : ब्रुसेल्स, २५ ऑगस्ट १८३०

रंगभूमीच्या आणि संगीताच्या इतिहासांत एक वाक्य आपल्याला वारंवार भेटते : 'सारे प्रेक्षागृह एकाच भावनेने भारून गेले.' चरित्रकार ते लिहितात, आठवणी सांगणारे लिहितात, समीक्षकही लिहितात. हे वाक्य इतके सवयीचे झाले आहे की त्यामागचा प्रश्न आपल्याला दिसेनासा होतो. हजारभर माणसे, प्रत्येकाचा पोटापाण्याचा उद्योग निराळा, घरची चिंता निराळी, संगीताची समज निराळी, ती एकाच भावनेने भारून जातात म्हणजे नेमके काय होते? त्या भावनेचा उगम रंगमंचावरच्या कलाकृतीत असतो, की प्रेक्षक ती घरून सोबत घेऊन आलेले असतात? आणि असे काही घडले, हे पुढच्या पिढ्यांना कशावरून कळते?

हा प्रश्न तपासून पाहायचा, तर एकोणिसाव्या शतकातील युरोपचा ऑपेरा हे त्यासाठी फार सोयीचे क्षेत्र आहे. एक तर ऑपेरा ही मोठ्या नगरांची सार्वजनिक संस्था होती. सभा-संमेलनांवर बंदी असलेल्या राज्यांत शेकडो माणसांना कायदेशीरपणे एकत्र जमण्याची जी थोडी ठिकाणे उरली होती, त्यांत ऑपेरागृहाचा क्रम वरचा लागतो. दुसरे असे की या प्रेक्षकांवर दोन प्रकारच्या माणसांचे बारीक लक्ष असे : वृत्तपत्रांतल्या टीकाकारांचे आणि पोलिसांचे. त्यामुळे टाळ्या कोठे पडल्या, कोणते गाणे पुन्हा म्हणायला लावले, कोणत्या शब्दावर सभागृह उसळले, याच्या नोंदी मागे राहिल्या. अशा नोंदींचा आधार असलेली सर्वांत गाजलेली रात्र म्हणजे ब्रुसेल्सच्या 'ला मोने' या नाट्यगृहातील २५ ऑगस्ट १८३० ची रात्र. एका ऑपेराच्या प्रयोगातून एक राष्ट्र जन्माला आले, अशी या रात्रीची ख्याती आहे. ती ख्याती कितपत खरी, हे पाहण्याआधी आपल्याच परंपरेतील एका विचाराची उजळणी करून घेणे उपयोगाचे होईल.

२

साधारणीकरणाचा सिद्धान्त मराठीच्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमातून ठाऊक असतो. रंगमंचावरील दुःख हे दुष्यंताचे नसते, नटाचे नसते, माझेही नसते; ते व्यक्ती, स्थळ आणि काळ यांच्या बंधनांतून सुटलेले असते आणि म्हणूनच ते आस्वाद्य होते. भट्टनायकाने मांडलेला हा विचार अभिनवगुप्ताने पुढे नेला. मात्र अभिनवगुप्ताच्या विवेचनातील एका मुद्द्याकडे वर्गात आपण फारसे थांबत नाही. हा अनुभव एकट्या रसिकाचा नाही, असे तो म्हणतो. सर्व सामाजिकांची, म्हणजे प्रेक्षकांची, प्रतीती एकघन होते आणि या एकघनतेमुळेच रस अधिक पुष्ट होतो. शेजारचाही माझ्यासारखाच तल्लीन झाला आहे, ही गोष्ट माझ्या आस्वादाला बळ देते. दहाव्या-अकराव्या शतकातील काश्मीरमधला एक तत्त्वज्ञ समूहाच्या अनुभवाविषयी इतके नेमके बोलून गेला आहे.

त्याच विवेचनात तो रसविघ्ने सांगतो. त्यांपैकी एक असे : प्रेक्षकाला समोरचे सुखदुःख आपलेच किंवा अमक्या दुसऱ्याचेच आहे असे वाटू लागणे, विशिष्ट देशकालाने त्याच्या मनाचा ताबा घेणे. दुसरे असे : प्रेक्षकाने आपल्या खासगी सुखदुःखात गुंतून राहणे. या दुसऱ्या विघ्नावर तो जो उपाय सांगतो, तो आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. गायन, वादन आणि सुशोभित नाट्यमंडप ही सामग्री प्रेक्षकाचे मन त्याच्या व्यक्तिगत गुंत्यातून सोडवण्यासाठीच योजलेली असते, असे त्याचे म्हणणे. म्हणजे संगीताने माणूस स्वतःला विसरतो. सगळेच स्वतःला विसरले की सगळे एक होतात.

ब्रुसेल्समध्ये त्या रात्री संगीत होते, सुशोभित मंडप होता, आणि सगळे एकही झाले. परंतु ते स्वतःला विसरून एक झाले नाहीत. आपण कोण आहोत, कोठे आहोत आणि आपल्यावर कोण राज्य करीत आहे, याची त्यांना लख्ख आठवण झाली. अभिनवगुप्ताच्या भाषेत बोलायचे तर तेथे विशिष्ट देशकालाचा आवेश झाला, रसविघ्न घडले. आणि तरीही, किंवा त्यामुळेच, ती ऑपेराच्या इतिहासातील सर्वांत प्रबळ सामूहिक अनुभवांपैकी एक ठरली. हा पेच कसा समजून घ्यायचा, हा या लेखाचा विषय आहे.

३

नेपोलियनच्या पाडावानंतर १८१५ साली युरोपातल्या बड्या सत्तांनी उत्तरेकडचा डच प्रदेश आणि दक्षिणेकडचा, आज बेल्जियम म्हणून ओळखला जाणारा प्रदेश एकत्र करून एक राज्य उभे केले आणि ते पहिल्या विल्यमच्या हाती दिले. दक्षिणेची लोकसंख्या जास्त, पण प्रतिनिधिगृहात दोन्ही भागांना जागा सारख्याच. दक्षिणेतला शिक्षित वर्ग फ्रेंच बोलणारा, तर राजाचे धोरण डच भाषेला पुढे आणणारे. राजा प्रॉटेस्टंट, दक्षिणेतली प्रजा कॅथलिक. त्यात वृत्तपत्रांवरचे खटले. लुई द पोतेर या पत्रकाराला आधी तुरुंगवास आणि मग हद्दपारी भोगावी लागली होती. शिवाय बेकारी आणि महागलेला पाव. जुलै १८३० च्या अखेरीस पॅरिसमध्ये तीन दिवसांच्या उठावाने दहाव्या चार्ल्सला पदच्युत केले, आणि त्या बातमीने ब्रुसेल्सची हवा आणखी तापली.

त्या रात्रीचा ऑपेरा होता 'ला म्युएत द पोर्तिची', म्हणजे 'पोर्तिचीची मुकी मुलगी'. संगीत दानिएल ऑबेरचे, संहिता ओजेन स्क्रीब आणि जेर्मां देलाविन्य यांची. २९ फेब्रुवारी १८२८ रोजी तो पॅरिसमध्ये प्रथम सादर झाला होता. १६४७ साली नेपल्समध्ये स्पॅनिश राजवटीविरुद्ध कोळी मासानिएल्लो याच्या नेतृत्वाखाली झालेला उठाव हा त्याचा विषय. मासानिएल्लोची बहीण फेनेला मुकी आहे. ऑपेराच्या नायिकेला गाताच येत नाही, तिची भूमिका नर्तिका करते, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य. तिच्यावर झालेल्या अन्यायाने पेटलेला मासानिएल्लो आणि त्याचा मित्र पिएत्रो दुसऱ्या अंकात मातृभूमीवरील पवित्र प्रेमाला आवाहन करणारे एक द्वंद्वगीत गातात. त्याचे पहिले शब्द हे 'मार्सेय्येझ'च्या एका कडव्याच्या आरंभाचेच शब्द आहेत. ज्या काळात 'मार्सेय्येझ' उघडपणे गाणे राजसत्तेला खपत नव्हते, त्या काळात ऐतिहासिक पोशाखातील दोन कोळ्यांच्या तोंडी ते शब्द घातले गेले. ऐकणाऱ्याच्या कानाने ते ओळखले नसते, तरच नवल.

जुलैच्या घटनांनंतर ब्रुसेल्सच्या अधिकाऱ्यांनी हा ऑपेरा काही काळ थांबवून ठेवला होता. मग राजाच्या वाढदिवसाच्या उत्सवाच्या निमित्ताने परवानगी दिली. या उत्सवापूर्वी भिंतींवर पत्रके दिसली होती, असे सांगितले जाते : सोमवारी आतषबाजी, मंगळवारी रोषणाई, बुधवारी क्रांती. २५ ऑगस्टला बुधवार होता. आतषबाजी सरकारने रद्द केली. प्रयोग मात्र झाला.

सभागृह खचाखच भरलेले होते आणि बाहेरच्या चौकातही गर्दी होती. द्वंद्वगीत सुरू होताच प्रेक्षकांचा आवेश अनावर झाला, यावर बहुतेक वृत्तांत सहमत आहेत. लोक नेमके केव्हा बाहेर पडले, त्या गीतानंतर, पुढच्या एखाद्या अंकात, की प्रयोग संपल्यावर, याबद्दल मात्र त्यांच्यात एकवाक्यता नाही. पुढचे सर्वज्ञात आहे. जमाव सरकारधार्जिण्या 'नासिओनाल' पत्राच्या कचेरीवर गेला, तिच्या काचा फोडल्या. त्याचा संपादक लिब्री-बान्यानो याचे घर लुटले. रात्री न्यायमंत्री व्हान मानेन याचे घर पेटवून दिले. सप्टेंबरच्या अखेरीस ब्रुसेल्सच्या उद्यानात सैन्याशी चार दिवस लढाई झाली. ४ ऑक्टोबर १८३० रोजी बेल्जियमचे स्वातंत्र्य घोषित झाले.

४

या कथेची मोहिनी अशी की द्वंद्वगीत आणि स्वातंत्र्य यांच्यामध्ये जणू एकच पाऊल आहे, असे वाटू लागते. रिशार्ड वाग्नरसारख्या माणसानेही ऑबेरवरील आपल्या १८७१ सालच्या लेखात, कलाकृतीचा जागतिक घटनेशी इतका निकटचा संबंध क्वचितच आला असेल, अशा आशयाचे विधान केले आहे. परंतु दोन गोष्टी लक्षात घेतल्या की हे पाऊल वाटते तितके छोटे राहत नाही.

पहिली गोष्ट त्याच ऑपेराच्या पॅरिसमधील आयुष्याची. तेथे तो सेन्सॉरच्या हातून सुखरूप बाहेर पडला, दरबारी वर्तुळातही आवडला, आणि एकोणिसाव्या शतकात त्याचे सुमारे पाचशे प्रयोग झाले. या प्रयोगांतही तेच द्वंद्वगीत होते, तोच आवेश होता. त्यांतून कोणी मंत्र्याचे घर जाळायला निघाले नाही. ब्रुसेल्समध्येही १८२९ पासून त्याचे प्रयोग होत होते. ते शब्द आणि ते सूर तेथील प्रेक्षकांच्या चांगले परिचयाचे होते. तेव्हा सामर्थ्य केवळ कलाकृतीत असते, तर ते आधीच्या रात्रींनाही प्रकट व्हायला हवे होते.

दुसरी गोष्ट कथानकाची. या ऑपेरात उठाव यशस्वी होत नाही. आपल्याच साथीदारांच्या क्रौर्याने मासानिएल्लो हबकतो. त्याच्यावर विषप्रयोग होतो. तो भ्रमिष्ट होतो आणि मारला जातो. फेनेला व्हेसुव्हिअसच्या उसळत्या लाव्हात उडी घेते. पाचही अंक शांतपणे पाहणाऱ्याला या कथेतून क्रांतीचे आमंत्रण मिळण्यापेक्षा क्रांतीविषयीचा इशाराच मिळाला असता. ब्रुसेल्सच्या प्रेक्षकांनी अख्खी कलाकृती घेतली नाही. तिच्यातला त्यांना हवा तेवढा तुकडा त्यांनी उचलला आणि उरलेले सोडून दिले. समीक्षेच्या शिस्तीत हे वाचन सदोष ठरेल. इतिहासात तेच निर्णायक ठरले.

मग संगीताने केले तरी काय? याचे उत्तर नाट्यगृहाच्या रचनेत शोधायला हवे. त्या काळचे ऑपेरागृह आजच्यासारखे अंधारे नसे. घोड्याच्या नालाच्या आकारात मजल्यावर मजले सज्जे चढवलेले, आणि प्रयोग चालू असतानाही सभागृहात दिवे तेवत असत. म्हणजे प्रेक्षक रंगमंचाकडे जितका पाहत असे, तितकाच समोरच्या सज्जाकडे, एकमेकांकडे पाहत असे. लोक बोलत, उठून जात, आवडते गाणे आले की गप्प होत. एकाच मोसमात तोच ऑपेरा अनेकदा पाहिलेला असल्यामुळे कोणत्या क्षणी काय येणार, हे सर्वांना पक्के ठाऊक असे.

आता त्या द्वंद्वगीताचा क्षण डोळ्यांसमोर आणावा. राजाविषयीचा असंतोष प्रत्येकाच्या मनात आधीपासून होता. शेजाऱ्याच्या मनातही तो असावा, असा प्रत्येकाचा अंदाजही होता. परंतु अंदाज आणि खात्री यांत अंतर असते, आणि दडपशाहीची राज्ये या अंतरावरच टिकून असतात. द्वंद्वगीताने हे अंतर मिटवले. त्याने सर्वांना एकच क्षण दिला. त्या क्षणी जो टाळी वाजवतो, तो काही कायदा मोडत नाही. तो फक्त एका गाण्याला दाद देतो. मात्र उजळलेल्या सभागृहात हजार माणसांनी एकाच ओळीवर टाळी वाजवली, की प्रत्येकाला दिसते की हे सगळ्यांच्या मनात आहे. आणि सगळ्यांना हे दिसले आहे, हेही प्रत्येकाला दिसते. त्या सभागृहात निर्माण झाली ती ही परस्परांची खात्री. भावना तर घरूनच आली होती.

येथे अभिनवगुप्ताची एकघनता पुन्हा आठवते. शेजाऱ्याच्या तन्मयतेने माझा अनुभव पुष्ट होतो, हे त्याचे निरीक्षण ब्रुसेल्सलाही लागू पडते. मात्र तेथे पुष्ट झाला तो रस नव्हे. स्थायीभाव साधारण होऊन आस्वाद्य होण्याऐवजी तो अधिकच 'आपला' झाला आणि रस्त्यावर आला. एकघनतेचे असे दोन मार्ग संभवतात : 'मी' गळून पडल्यामुळे येणारी एकघनता आणि 'आपण' सापडल्यामुळे येणारी एकघनता. पहिलीचे शास्त्र आपल्याकडे आहे. दुसरीला आपण विघ्न म्हणून बाजूला ठेवतो, आणि मग इतिहासात ती समोर आली की तिच्यासाठी आपल्याजवळ 'सारे प्रेक्षागृह भारून गेले' या वाक्याखेरीज शब्द उरत नाहीत.

५

परंतु या 'आपण'मध्ये कोण कोण होते, हेही विचारले पाहिजे. 'ला मोने'च्या सज्जात आणि खालच्या आसनांवर बसणारे लोक वकील, पत्रकार, व्यापारी, विद्यार्थी अशा वर्गांतले होते. चौकातली आणि गल्ल्यांतली गर्दी बरीचशी कामगारांची, बेकारांची होती. त्यांनी द्वंद्वगीत ऐकले असेल तर फार तर भिंतीपलीकडून. त्यांच्या रागाची कारणे पावाच्या भावात आणि गेलेल्या रोजगारात होती. दुसऱ्या दिवशी शहरालगतच्या कारखान्यांत यंत्रांची मोडतोड झाली, ती याच रागातून. आणि २६ ऑगस्टलाच शहरातील सुस्थितीतल्या नागरिकांनी एक सशस्त्र दल उभारले, ते लुटालूट आणि मोडतोड थांबवण्यासाठी. आदल्या रात्री सभागृहात जे एक झाले होते आणि चौकात जे त्यांना येऊन मिळाले होते, त्यांच्यातली दरी चोवीस तासांच्या आत उघडी पडली. याच दलाने पुढे उठावाची सूत्रे हाती घेतली आणि ब्राबांतचा तिरंगा फडकवला, हे खरे. पण ऑपेराच्या दंतकथेत यंत्रे मोडणाऱ्यांना जागा नाही. सामूहिक अनुभवाचे वर्णन करणारा बहुधा आत बसलेला असतो, आणि 'सगळे' म्हणताना तो आतल्यांनाच मोजतो.

हा आक्षेप ब्रुसेल्सपुरता नाही. कोणत्याही प्रयोगाच्या आठवणी वाचताना पाठीमागच्या स्वस्त बाकांवर कोण होते, दाराबाहेर कोण होते, हे विचारायला हवे.

६

ब्रुसेल्सच्या रात्री निदान काहीतरी घडले, याला पुरावा आहे. दुसरे प्रसिद्ध उदाहरण याहून निराळे आहे. ज्युसेप्पे व्हेर्दीचा 'नाबुक्को' ९ मार्च १८४२ रोजी मिलानच्या 'ला स्काला'मध्ये प्रथम सादर झाला. त्या वेळी मिलानवर ऑस्ट्रियाचे राज्य होते. तिसऱ्या अंकात बाबिलोनमध्ये बंदिवासात असलेले ज्यू आपल्या हरवलेल्या मायभूमीची आठवण काढीत 'वा, पेन्सिएरो' हे समूहगान गातात. कथा अशी सांगितली जाते की पहिल्याच रात्री प्रेक्षकांनी या बंदिवानांत स्वतःला ओळखले, आणि वन्समोअर घेण्यास सरकारी मनाई असतानाही ते गीत पुन्हा गायला लावले. व्हेर्दीच्या चरित्रांत ही कथा दीर्घकाळ निःशंकपणे येत राहिली. फ्रांको अब्बियाती याच्या १९५९ सालच्या चरित्राने तिला विशेष वजन दिले.

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रॉजर पार्कर या अभ्यासकाने त्या काळची वृत्तपत्रे पुन्हा वाचली, तेव्हा निराळेच चित्र दिसले. वन्समोअर मिळाला होता, पण तो शेवटच्या अंकातील ईश्वरस्तवनाच्या समूहगानाला. 'वा, पेन्सिएरो'कडे तेव्हाच्या टीकाकारांनी फारसे लक्षही दिलेले नाही. ऑपेराला यश प्रचंड मिळाले, यात शंका नाही. त्याच वर्षीच्या शरदातल्या मोसमात त्याचे ५७ प्रयोग झाले. मात्र त्या यशाला राजकीय उद्रेकाचा रंग होता, असे त्या वेळच्या नोंदी सांगत नाहीत. खुद्द व्हेर्दीच्या आठवणीही काळाबरोबर बदललेल्या दिसतात. १८६९ साली मिकेले लेसोना याने छापलेल्या हकिगतीनुसार, कोपऱ्यात पडून असलेल्या या संहितेतील शेवटचा मृत्युप्रसंग त्याने सर्वांत आधी संगीतबद्ध केला. दहा वर्षांनंतर प्रकाशक रिकोर्दीला सांगितलेल्या आठवणीत मात्र टेबलावर आपटलेली संहिता नेमकी 'वा, पेन्सिएरो'च्या पानावर उघडते. मधल्या काळात इटली एक झाली होती आणि ते गीत तिच्या आठवणींत जाऊन बसू लागले होते.

याचा अर्थ इटलीच्या ऑपेरागृहांत राजकीय अनुभव येतच नव्हते, असा मात्र घेऊ नये. १८४६ साली नव्या पोपने, नवव्या पायसने, राजकीय कैद्यांना माफी दिली. तेव्हा बोलोन्यात व्हेर्दीच्या 'एर्नानी'तील सम्राटाच्या क्षमाशीलतेचे समूहगान गाताना 'कार्लो'च्या जागी पोपचे नाव घातले गेले आणि सभागृह उसळले. २७ जानेवारी १८४९ रोजी, रोमन प्रजासत्ताकाच्या घोषणेला दोन आठवडे असताना, रोममध्ये 'ला बात्ताल्या दि लेन्यानो' प्रथम सादर झाला आणि त्याचा अख्खा चौथा अंक पुन्हा करावा लागला. जानेवारी १८५९ मध्ये, ऑस्ट्रियाशी युद्धाची चाहूल लागलेली असताना, 'ला स्काला'तील प्रेक्षकांनी बेल्लिनीच्या 'नोर्मा'मधील युद्धगीतात आपला आवाज मिसळला. 'नोर्मा' १८३१ सालचा. त्यातल्या रणघोषाला मिलानमध्ये हा अर्थ यायला अठ्ठावीस वर्षे जावी लागली.

या तिन्ही प्रसंगांत ब्रुसेल्सचेच तत्त्व दिसते. घटना आधी घडते किंवा घडू घातलेली असते; प्रेक्षक तिला घेऊन आत येतात; कलाकृती त्यांना एकत्र उद्गारण्याची जागा देते. आणि लोकस्मृतीने यांतला एकही प्रसंग मुख्य म्हणून निवडला नाही. तिने निवडले ते 'वा, पेन्सिएरो', जेथे त्या रात्री असे काही घडल्याची नोंद नव्हती. कारण गीत तसे होते. त्यातला बराचसा भाग सर्वजण एकाच सुरावटीत गातात. शब्द विरहाचे आहेत, चाल सहज ओठांवर येणारी आहे. एका पोपचे नाव घालून गायलेले गीत तो पोप पालटताच निरुपयोगी होते, रणघोष युद्धाबरोबर संपतो. हरवलेल्या मायभूमीची आठवण मात्र कोणत्याही पिढीला आपलीशी करता येते.

७

पुढे ऑपेरागृहच बदलले. १८७६ साली बायरॉइटमध्ये वाग्नरने सभागृहात अंधार केला, वाद्यवृंद दृष्टिआड नेला आणि प्रेक्षकांना फक्त समोर पाहायला लावले. आर्तुरो तोस्कानीनी १८९८ पासून 'ला स्काला'चा प्रमुख झाला, तेव्हा त्याने हीच शिस्त इटलीत आणली. वन्समोअर त्याला मुळीच खपत नसे. १९०३ साली 'उन बाल्लो इन मास्केरा'च्या प्रयोगात वन्समोअरच्या आरडाओरड्याने संतापून तो निघून गेला आणि काही वर्षे परतला नाही. अंधारातल्या, निःशब्द, एकमेकांना न पाहणाऱ्या प्रेक्षकांची ही एकघनता अभिनवगुप्ताच्या कल्पनेला बरीच जवळची आहे. आज आपण शास्त्रीय संगीताच्या किंवा नाटकाच्या प्रेक्षकाकडून जी वर्तणूक अपेक्षितो, तिचा एक महत्त्वाचा प्रवाह येथून येतो.

आणि तरीही, वन्समोअरचा हाच कट्टर शत्रू १९०१ च्या फेब्रुवारीअखेर मिलानमध्ये उघड्यावर उभा राहिला. २७ जानेवारीला व्हेर्दीचे निधन झाले होते. अंत्यविधी त्याच्या इच्छेप्रमाणे साधेपणाने, संगीताविना झाला. महिन्याभराने वृद्ध संगीतकारांसाठी त्याने बांधलेल्या निवासाकडे शवपेटी हलवली गेली, तेव्हा तोस्कानीनीने सुमारे आठशे गायकांकडून 'वा, पेन्सिएरो' गाऊन घेतले. लाखोंचा समुदाय रस्त्यांवर होता. १८४२ साली जो अनुभव आल्याचे सांगितले जाते, तो खऱ्या अर्थाने आला असेल तर तो या दिवशी. साठ वर्षांच्या स्मृतीने घडवलेला प्रेक्षक त्या दिवशी प्रत्यक्ष हजर झाला.

१२ मार्च २०११ रोजी रोमच्या ऑपेरागृहात इटलीच्या एकीकरणाच्या दीडशेव्या वर्षानिमित्त 'नाबुक्को' सादर झाला. सरकारने संस्कृतीवरील खर्चात मोठी कपात केली होती. 'वा, पेन्सिएरो' संपल्यावर प्रेक्षकांनी वन्समोअरचा धोशा लावला, तेव्हा वाद्यवृंदसंचालक रिकार्दो मुती वळला, कपातीविषयी थोडके बोलला आणि त्याने प्रेक्षकांनाही गाण्याचे आवाहन केले. लोक उभे राहून गायले. वरच्या सज्जांतून पत्रके खाली आली. त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने कपातीचा बराच भाग मागे घेतला. मुतीच्या समोर गाणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात १८४२ ची ती न घडलेली रात्र असणार. दंतकथा खोटी होती. तिच्यावर विसंबून त्यांनी केलेली कृती खरी होती.

८

आपल्या रंगभूमीच्या अभ्यासकाला यात अनोळखी काही वाटू नये. कृ. प्र. खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. ते संगीत नाटक नव्हते, संहितेत इंग्रजांचा उल्लेखही नव्हता. विराटाच्या दरबारातील कीचकाच्या जागी कोणाला पाहायचे, हे प्रेक्षकांना कोणी सांगावे लागले नाही, आणि तेवढ्यामुळेच सरकारला नाटकाची धास्ती वाटली. बंदी नाटकावर घातली गेली. सरकारला खरे भय वाटत होते ते प्रेक्षकांच्या परस्परांच्या खात्रीचे. अशा नाटकांचे परीक्षण करताना आपण त्यांच्या संहितेचे गुणदोष बारकाईने सांगतो. प्रयोगात जे घडले, त्याची मीमांसा मात्र एका उत्साही वाक्यात उरकतो. रूपक फार उघड आहे, पात्रे एकरंगी आहेत, असे आपण लिहितो, आणि ते खरेही असते. पण रूपक उघड असणे, हीच त्या प्रयोगाची गरज होती काय, हा प्रश्न संहितेच्या चौकटीत विचारताच येत नाही.

ब्रुसेल्सचे ते सभागृह आज नाही. १८५५ साली ते आगीत जळाले. बाहेरच्या भिंती आणि स्तंभांचा दर्शनी भाग तेवढा वाचला आणि त्याच्या आत नवे सभागृह उभे राहिले. ऑबेरचा ऑपेराही आता क्वचितच सादर होतो. ज्यांना त्या द्वंद्वगीताने उभे केले, ते द्वंद्वगीताच्या आधीच उठायला तयार होते. तरीही त्यांना उठण्यासाठी एक गाणे लागले, एकत्र बसण्याची जागा लागली आणि एकमेकांचे चेहरे दिसावे लागले. प्रयोगाचा इतिहास लिहिताना 'सारे प्रेक्षागृह भारून गेले' असे वाक्य लिहावेसे वाटले, तर निदान चार गोष्टी त्याआधी विचारून घ्याव्यात : ते आत काय घेऊन आले होते, त्यांना एकमेकांचे चेहरे दिसत होते काय, दाराबाहेर कोण उभे होते, आणि हे वाक्य पहिल्यांदा कोणी, किती वर्षांनी लिहिले.